प्रश्न तुमचे: विहीर बाभूळगावला कशी गेली?

मागच्या दोन अंकांत जीपीएस मॉड्यूल अन् टीव्हीवाल्या डोंगलबद्दल लिहिलं तर या खेपेला पत्रांचा ढीगच आला, त्यात अर्धी व्हॉट्सॲपवर, काही तर रात्री दीड वाजता पाठवलेली, म्हंजे लोकं खरंच बसून राहिले. सोयाबीन निघालं, हरभरा पेरून झाला, संध्याकाळी जरा वेळ असते, बरं आहे. सगळी पत्रं छापता येत नाहीत, ज्यात दुसऱ्याचंही काम निघेल तेवढी घेतली. आधीच सांगून ठेवतो का या पत्रांतल्या एकाही भानगडीत उपग्रहाची किंवा विमानाची चूक निघाली नाही.

भाऊ, जीपीएस मॉड्यूल आर्डुइनोला (प्रोग्राम टाकायच्या लहान बोर्डाला) जोडलं, ओळी बरोबर येऊन राहिल्या, पण नकाशावर माही विहीर बाभूळगावच्या आसपास दाखवते. आमचं शेत आर्वीजवळ, म्हंजे विहीर वर्धा नदी ओलांडून पार यवतमाळ जिल्ह्यात गेली! अन् गंमत अशी का विहिरीपासून सव्वा किलोमीटर वरच्या अंगाला गेलो का टिंब एकदम चाळीसेक किलोमीटर उडी मारते. दुकानदार म्हणते बदलून देत नाही. काय करू?
*एक शेतकरी, तालुका आर्वी*

बदलू नका अन् दुकानदाराशी भांडूही नका, या वेळी तो बिचारा बरोबर आहे. तुम्ही पाठवलेल्या ओळीत अक्षांश आहे २०५९.४००० अन् रेखांश ०७८१३.८०००, आणि तुम्ही सरळ दोन घरं टिंब सरकवून २०.५९४ अन् ७८.१३८ करून टाकलं. तिथंच फसलं. मॉड्यूल ज्या ठरलेल्या पद्धतीत ओळी पाठवते तिला एनएमईए म्हणतात, अन् त्या ओळीत पहिले दोन आकडे अंश (रेखांशाला तीन), आणि त्याच्या मागून जे येते ती मिनिटं असतात, दशांश नाही. म्हंजे २० अंश ५९.४ मिनिटं. मिनिटाला साठनं भागायचं, शंभरनं नाही. ५९.४ भागिले ६० म्हंजे ०.९९, तर खरा अक्षांश २०.९९, अन् रेखांश ७८.२३. आता मांडून पाहा, अक्षांशात ०.३९६ चा फरक म्हंजे ४४ किलोमीटर दक्षिणेला, रेखांशात ०.०९२ म्हंजे साडेनऊ किलोमीटर पश्चिमेला. बरोबर बाभूळगावच्या बाजूला.

आणि ती उडी. तुमचं शेत २१ अंशाच्या रेघेच्या अगदी खाली आहे, उरलं फक्त ०.६ मिनिट, म्हंजे १.१ किलोमीटर. तेवढं वर गेलं का मिनिटं ५९ वरून ०० होते, आणि मिनिटं शून्य असली का साठनं भागा नाहीतर शंभरनं, उत्तर तेच. म्हणून अक्षांश एकदम खरा होऊन बसते, रेखांश मात्र साडेनऊ किलोमीटर चुकलेलाच राहते, ते तुमच्या लक्षात आलं नाही. ही चूक ओळखायची खूण सांगतो: आपल्या देशात टिंब नेहमी नैर्ऋत्येलाच सरकते, दक्षिणेला किंवा पश्चिमेला, कोणत्याही एका बाजूला साधारण ४४ किलोमीटरच्या वर कधी सरकत नाही, आणि दशांशात .६० ते .९९ मधला आकडा कधीच येत नाही. मी स्वतः यात एक अख्खा रविवार घालवला होता अन् अँटेनाला शिव्या देत होतो.

जमलं तर आणखी एक करा. ओळीच्या शेवटी तारा (*) असते, त्याच्यामागं दोन अक्षरं असतात, ती तपासणीची बेरीज. डॉलरच्या ($) नंतरपासून ताऱ्याच्या आधीपर्यंत सगळ्या अक्षरांचं एकापाठोपाठ एक एक्सॉर करायचं (बिट वेगळे असले तर १, सारखे असले तर ०), जुळलं तरच ओळ घ्यायची. वायर ढिली असली का अर्धवट ओळी येतात अन् मंग विहीर चंद्रपूरलाही जाऊ शकते.

मॉड्यूलमध्ये उपग्रहांची यादी पाहिली तर नंबर ४० आणि ४१ दिसतात. जीपीएसचे तर ३२ पर्यंतच असतात ना? हे नाविक आहे का?
*बी.एस्सी.चा विद्यार्थी, पुसद*

नाविक म्हंजे आपल्या देशाची जीपीएससारखी व्यवस्था, पण हे नाविक नाही, गगन आहे. विमानतळ प्राधिकरण अन् इस्रोची ही व्यवस्था, जीपीएसच्या चुका मोजून दुरुस्ती वरून परत पाठवते. त्यांचे खरे नंबर १२७ अन् १२८, पण एनएमईएत तेवढा मोठा नंबर बसत नाही म्हणून ८७ वजा करून लिहितात: ४० अन् ४१. तुमचं स्वस्तातलं मॉड्यूल फक्त जीपीएसचं १५७५.४२ मेगाहर्ट्झ ऐकते, नाविक पकडत नाही, कारण नाविकचे सुरुवातीचे उपग्रह १५७५.४२ मेगाहर्ट्झवर बोलतच नाहीत, ११७६.४५ वर बोलतात. २०२३ साली सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून १५७५.४२ वालं सिग्नल सुरू झालं. नाविकवालं मॉड्यूल घेतलं तर ओळीच्या सुरुवातीला जीपी ऐवजी जीआय दिसेल.

सर, ट्रॅक्टर भाड्यानं जाते. घरापासून ५०० मीटरच्या पलीकडं गेला का एसएमएस यावा असा प्रोग्राम केला. अक्षांश-रेखांश बरोबर, साठनं भागलं आहे, पुस्तकातला कोसाइनवाला सूत्र टाकला. पण अंतर ०, ०, ० दाखवते, मंग एकदम २.२ किलोमीटर, मंग ३.१, मधलं काहीच नाही. एखाद वेळी तर आकड्याच्या जागी 'नॅन' येते. ट्रॅक्टर काय उडून राहिला का?
*दर्यापूरकडचे एक वाचक*

हे पत्र वाचून मी खुर्चीतून उठलो, कारण २.२ अन् ३.१ हे आकडे पाहिले का रोग लगेच कळते. सूत्र खरंच बरोबर आहे, पुस्तकात चूक नाही. पण त्यात शेवटी कोसाइन उलटं करावं लागते, आणि जवळच्या दोन जागांमधल्या कोनाचं कोसाइन जवळजवळ १ असते. ५०० मीटरसाठी ते १ पेक्षा फक्त ०.००००००००३ नं कमी भरते. आर्डुइनो उनोमध्ये दशांश आकड्याला चार बाइट मिळतात, तुम्ही 'डबल' लिहिलं तरी चारच, ते नाव नुसतं नावापुरतं. चार बाइटमध्ये १ च्या खालचा सगळ्यात जवळचा आकडा असते ०.९९९९९९९४. त्याच्या मधलं त्याला दिसतच नाही. म्हंजे एक तर १, मंग अंतर शून्य, नाहीतर ही खालची पायरी, आणि त्या पायरीचं अंतर काढा, पृथ्वीची त्रिज्या ६३७१ धरून: २.२ किलोमीटर. त्याच्या खालची पायरी ३.१, त्याच्या खालची ३.८. जिन्याच्या पायऱ्या आहेत या, ट्रॅक्टर उडत नाही. अन् कधी गुणाकारात आकडा १ च्या किंचित वर गेला का त्याचं उलटं कोसाइन निघतच नाही, म्हणून नॅन, म्हंजे 'नॉट अ नंबर', आकडाच नाही.

हॅवरसाइन सूत्र वापरा, त्यात अर्ध्या कोनाच्या साइनचा वर्ग असते, तो लहान आकडा असला तरी नीट सांभाळला जाते. खरं तर ५०० मीटरसाठी तेही कशाला? दर्यापूरच्या अक्षांशावर एक अंश अक्षांश म्हंजे ११०.७ किलोमीटर, एक अंश रेखांश म्हंजे १०४ किलोमीटर धरा, दोन्ही फरक किलोमीटरमध्ये काढा अन् पायथागोरस लावा, आठवीचं गणित. पृथ्वी गोल आहे पण दर्यापूर सपाट आहे. ईएसपी३२ या दुसऱ्या बोर्डावर 'डबल' खरंच आठ बाइटचं असते, तिथं तुमचं जुनं सूत्रही दहाएक सेंटीमीटरपर्यंत बरोबर चालेल.

याच पत्रात दिशा काढायचंही विचारलं होतं, एक्सेलमध्ये वेगळी अन् प्रोग्राममध्ये वेगळी येते म्हणे. दिशेचा कोन काढणाऱ्या एक्सेलच्या एटॅन२ मध्ये आधी एक्स लिहायचा मंग वाय, पायथन अन् सी मध्ये उलटं, आधी वाय. सोयरे एकच, बसायची जागा वेगळी.

दादा, मी तिवसा तालुक्यातली. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी डोंगलनं विमानांचे सिग्नल पकडते आणि पायथनमध्ये स्वतःच डिकोड करते, तयार सॉफ्टवेअर मुद्दाम वापरलं नाही. सगळं मस्त चाललं आहे पण दिल्लीकडून हैदराबाद-बंगळूरकडे जाणारी विमानं आमच्या गावाच्या वर आली की एखादा बिंदू शेकडो किलोमीटर बाजूला पडतो, मग परत जागेवर. अक्षांश बरोबर असतो, रेखांशच चुकतो. सीआरसी (निरोप वाटेत बिघडला का ते सांगणारे बिट) तपासते, तरीही. सर म्हणतात सिग्नल खराब असेल.
*बी.ई. तिसरं वर्ष*

ताई, सिग्नल खराब असता तर सीआरसीत अडकला असता, २४ बिटांची चाळणी आहे ती, सहजी कोणी निसटत नाही. तुमच्या सरांना सांगा का गावाचा दोष आहे, खरंच सांगून राहिलो, गंमत नाही.

बाकीच्यांसाठी थोडं मागून सांगतो. विमान १०९० मेगाहर्ट्झवर सेकंदाला दोनदा आपली जागा ओरडून सांगते. एक निरोप ११२ बिटांचा, आधी ८ मायक्रोसेकंदांची हाळी अन् मागून ११२ मायक्रोसेकंदांचा मजकूर. त्यात विमानाचा २४ बिटांचा नंबर असते, सोळाच्या पद्धतीत लिहिला तर भारतातली विमानं ८० पासून ८३ पर्यंत सुरू होतात, लगेच ओळखू येतात. ज्या डोंगलनं हे पकडतो तो टीव्ही पाह्यासाठी बनला होता, २०१२ च्या सुमारास लोकांच्या ध्यानात आलं का त्याच्या चिपमधून कच्चे नमुने थेट काढता येतात अन् तेव्हापासून तो गरिबाचा रिसीव्हर झाला. त्याच्यासाठी डम्प१०९० नावाचा प्रोग्राम साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी लिहिला, रेडिस डेटाबेस बनवणारे तेच. सी मध्ये आहे, ज्याला शिकायचं त्यानं तो उघडून ओळ न् ओळ वाचावा.

आता खरी गोष्ट. विमान पूर्ण अक्षांश-रेखांश पाठवत नाही, जागा पुरत नाही. दोघांना सतरा-सतरा बिट मिळतात. म्हणून ते पृथ्वीचे पट्टे पाडते अन् फक्त इतकंच सांगते का मी माझ्या पट्ट्यात किती आत आहे, पट्टा कोणता ते सांगत नाही. घर नंबर सांगितला पण गाव नाही सांगितलं, तसं. मंग गाव कसं काढायचं? तर विमान आळीपाळीनं दोन काठ्यांनी मोजते. सम निरोपात काठी ६ अंशाची, म्हंजे ६० पट्टे. विषम निरोपात ५९ पट्टे, काठी ६.१० अंशाची. एकाच धुऱ्यावर थोड्या लहान-मोठ्या दोन काठ्यांनी मोजत गेलं अन् दोन्हींचं उरलेलं तुकडं कळलं तर किती काठ्या झाल्या ते निघते, तेच इथं. ६ अंशाचे १,३१,०७२ भाग केले का एक भाग ५ मीटरचा, एवढ्या चिंधीत एवढं बारीक मोजमाप बसवलं, ज्यानं डोकं लावलं त्याला मानलं पाहिजे.

रेखांशाला मात्र भानगड आहे. ध्रुवाकडे जावं तसं रेखांशाचं अंतर आवळत जाते, म्हणून पट्ट्यांची संख्या अक्षांशाप्रमाणे कमी करत नेतात. विषुववृत्ताजवळ ५९, मंग ५८, ५७. आपल्याकडे १८.१९ पासून २१.०३ अंशापर्यंत ५६ पट्टे, २१.०३ च्या वर ५५. आणि ही २१.०३ ची रेघ कुठून जाते? अमरावतीच्या दहाएक किलोमीटर वरून, नागपूरच्या जरा खालून, अन् ताई, तुमच्या तिवस्याच्या अगदी जवळून. दिल्लीचं विमान दक्षिणेला निघालं, सम निरोप रेघेच्या वर असताना पाठवला, अर्ध्या सेकंदात रेघ ओलांडली, विषम निरोप खालून पाठवला. तुमच्या प्रोग्रामनं एकाला ५५ पट्ट्यांचा अन् दुसऱ्याला ५६ चा हिशेब न पाहता दोघांना एकत्र बांधलं. मंग रेखांशाचं गाव चुकणारच, अन् इथं एकेक गाव साडेसहाशे किलोमीटर रुंद आहे.

उपाय दोन ओळींचा. सम अन् विषम दोन्ही अक्षांश आधी काढा, दोघांची पट्टेसंख्या वेगळी आली तर ती जोडी फेकून द्या, पुढची घ्या. दोन निरोपांत १० सेकंदांच्या वर अंतर असलं तरी फेका. आणि एकदा जागा पक्की झाली का मंग जोडीची गरजच नाही, मागची जागा धरून एकेका निरोपातून पुढची काढत जा. प्रोजेक्टच्या वहीत मात्र ती चुकलेली टिंबं ठेवा, पुसू नका. ही रेघ ज्यांच्या डोक्यावरून जाते अशी गावं थोडी आहेत, परीक्षकाला तेच दाखवा.

अँटेनाचं: १०९० ला पाव लहर ६.९ सेंटीमीटर, तांब्याची तार पुरते. छतावर ९ मीटरवर लावली अन् विमान १० किलोमीटर उंच असलं तर हिशेबानं सव्वाचारशे किलोमीटरपर्यंत दिसायला पाहिजे (४.१२ गुणिले दोन्ही उंचींच्या वर्गमुळांची बेरीज), पण समोर पाण्याची टाकी असली तर त्या बाजूला सगळं बंद. अन् मे महिन्यात डोंगल टिनाखाली ठेवू नका, भाजून निघते, माझा एक असाच गेला.

विमानासारखी जहाजं पण पकडता येतात असं वाचलं. वणीवरून दिसतील का?
*एक उत्साही वाचक*

नाही हो राजेहो. जहाजं १६१.९७५ अन् १६२.०२५ मेगाहर्ट्झवर बोलतात, विमानासारखी उंची त्यांना नाही, जहाजाचा अँटेना २५ मीटर अन् तुमचा १० मीटर धरला तर तीस-पस्तीस किलोमीटर. वणीवरून समुद्र साडेचारशेच्या पलीकडं. पण दुसऱ्यानं साठवलेल्या ओळी आणून डिकोड करायला काय हरकत आहे, सहा-सहा बिटांचं अक्षर आहे, मजा येते. भारतातल्या जहाजांचा नंबर ४१९ नं सुरू होते. अक्षांश-रेखांश मिनिटाच्या दहा हजाराव्या भागात असतात, म्हणून अंशासाठी ६,००,००० नं भागा. रेखांश १८१ आला तर घाबरू नका, जहाजाला स्वतःलाच आपली जागा माहीत नाही असा त्याचा अर्थ.

भावकीत धुऱ्याचा वाद आहे. मोबाइलनं शेताचे कोपरे घेऊन प्रोग्रामनं क्षेत्रफळ काढलं तर सातबाऱ्याशी जुळलं, फक्त अर्धा गुंठा फरक. मंग त्याच आकड्यांवरून धुरा कुठं पाहिजे ते दाखवता येईल ना?
*नाव देऊ नका म्हणाले*

क्षेत्रफळ जुळलं म्हणून धुरा जुळला असं होत नाही, अन् हे नीट समजून घ्या नाहीतर आमच्यामुळं भांडण वाढायचं. जीपीएसची चूक तीन-चार-पाच मीटरची असते, पण ती दहा-वीस मिनिटांत फारशी बदलत नाही. तुम्ही एका फेरीत चारही कोपरे घेतले तर चारही एकाच बाजूला सरकतात, अख्खं शेत उचलून बाजूला ठेवल्यासारखं. आकार तसाच, क्षेत्रफळ तसंच, पण धुरा तीन मीटर शेजाऱ्याच्या तुरीत. एकरभर चौकोनी शेताची बाजू ६४ मीटर, त्यावर ३ मीटर म्हंजे जवळजवळ दोन गुंठे. धुऱ्यासाठी भूमी अभिलेखची मोजणीच लावा. प्रोग्राम खतं-बियाणं, फवारणीच्या हिशेबाला वापरा, त्याला तो उत्तम आहे.

माझ्याकडे सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी टोपोशीट आहे. जीपीएसनं घेतलेली जागा तिच्यावर मांडली की दोन-तीन मिलिमीटर सरकलेली येते, सगळीकडे सारखीच. पट्टी नीट धरली आहे.
*निवृत्त शिक्षक, हिंगणघाट*

गुरुजी, तुमच्या गावातून हा प्रश्न यावा याच्यापेक्षा आनंद नाही. १:५०,००० च्या नकाशावर दोन-तीन मिलिमीटर म्हंजे शे-दीडशे मीटर, अन् ती चूक तुमचीही नाही, नकाशाचीही नाही. जुने नकाशे जॉर्ज एव्हरेस्टनं १८३० साली धरलेल्या पृथ्वीच्या आकारावर काढले आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस८४ नावाच्या आताच्या आकारावर चालते. एव्हरेस्टची पृथ्वी मध्यापासून विषुववृत्तापर्यंत ६३,७७,२७६ मीटर, आताची ६३,७८,१३७, पण त्याहून मोठी गोष्ट अशी का जुनी पृथ्वी भारताला नीट बसावी म्हणून ठेवली होती, तिचा मध्य खऱ्या मध्यापासून आठशेएक मीटर बाजूला आहे. प्रोग्राममध्ये आधी अक्षांश-रेखांशाचे एक्स-वाय-झेड करायचे, मध्याचा फरक वजा करायचा, मंग दुसऱ्या पृथ्वीवर परत अक्षांश-रेखांश काढायचे. वीस ओळींचं काम आहे, मी तुम्हाला छापून पाठवतो, तुमचा नातू टाइप करून देईल.

आणि हे मोजमाप ज्यांनी १८०२ साली मद्रासहून सुरू केलं ते विल्यम लॅम्बटन, ७८ रेखांशाच्या आसपासची ती मोजणीच्या त्रिकोणांची साखळी वर आणता आणता जानेवारी १८२३ मध्ये तुमच्या हिंगणघाटातच वारले, कबर तिथंच आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टकडे गेलं. जीपीएस घेऊन एकदा त्या कबरीजवळची जागा घ्या अन् टोपोशीटवर मांडा, ती पण तेवढीच सरकलेली येईल.

आमच्या धारणीकडे बैलांच्या गळ्यात जीपीएस बांधायचा आहे पण जंगलात मोबाइलला रेंजच नाही. एसएमएस जाणार कसा?
*मेळघाटातून*

लोरा मॉड्यूल घ्या (मोबाइलच्या टॉवरशिवाय लहान निरोप दूरवर पाठवणारा रेडिओ), पण घेताना ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवालंच मागा, तो पट्टा आपल्याकडे कमी ताकदीवर विनापरवाना चालते. दुकानदार जे हाताशी आहे ते देते, पाकिटावरचा आकडा पाहूनच पैसे द्या. डोंगराच्या आड पोचणार नाही, म्हणून रिसीव्हर टेकडीवर किंवा उंच झाडावर. निरोप जितका लहान तितकी बॅटरी टिकते, तर अक्षांश-रेखांश अक्षरांत पाठवू नका, एका कोटीनं गुणून पूर्णांक करा, चार-चार बाइटात बसते अन् वर दर्यापूरवाल्यांची जी गत झाली ती होत नाही. आठ बाइट जागा, एक बाइट बैलाचा नंबर, एक बॅटरीचा. गळ्यातली डबी घट्ट बांधा, बैल झाडाला मान घासतो अन् अँटेना पहिले तुटते. बसवलं का कळवा, बॅटरी किती दिवस गेली तेही लिहा, पुढच्या अंकात छापतो.